विश्लेषण : पोकरमध्ये चेहरा वाचून जिंकता येते का? स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात निर्णय कसे ठरतात?

गॉगल, टोपी, हनुवटीखाली टेकवलेली मूठ आणि समोरच्यावर रोखलेली नजर. मोबाइलवर फिरणाऱ्या पोकरच्या चित्रफितींतले हे नेहमीचे दृश्य. पाच-दहा सेकंद टक लावून पाहायचे, समोरचा थाप मारतो आहे हे ओळखायचे आणि लाखोंचा डाव उचलायचा, अशी या खेळाची प्रतिमा झाली आहे. मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या टप्प्यात हे कौशल्य सर्वांत निर्णायक ठरते, असेही मानले जाते. प्रत्यक्षात तिथे निर्णय बऱ्याच अंशी चिप्स, बक्षिसांची उतरंड आणि साध्या टक्केवारीवर ठरतात. समोरच्याला अचूक ओळखूनही हातातले चांगले पत्ते टाकून द्यावे लागतात, असे प्रसंग याच टप्प्यावर येतात. हे का होते आणि पैसे लावून खेळावे का, या प्रश्नाशी त्याचा काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

खेळाची रचना काय?

स्पर्धांमध्ये प्रामुख्याने ‘टेक्सास होल्डेम’ हा प्रकार खेळला जातो. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. टेबलावर पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात. आधी एकदम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वांत वरचढ, तो डाव जिंकतो. सुरुवातीचे दोन पत्ते मिळाल्यावर आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर रक्कम लावता येते, वाढवता येते किंवा पत्ते टाकता येतात. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले तर उरलेला खेळाडू काहीही न दाखवता डाव उचलतो. ब्लफला म्हणजे थापेला जागा मिळते ती इथेच. सुट्टीत ‘चॅलेंज’ किंवा गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळलेल्यांना हा प्रकार नवा नाही.

स्पर्धेत मात्र एक मोठा फरक असतो. प्रवेशशुल्क भरून चिप्स मिळतात, पण त्या मध्येच मोडून पैसे घेता येत नाहीत. चिप्स संपल्या की खेळाडू बाहेर. बक्षीस मिळते ते कितव्या क्रमांकावर बाहेर पडलो यावरून. दर ठरावीक वेळाने ‘ब्लाइंड’, म्हणजे पत्ते पाहण्याआधी सक्तीने लावायची रक्कम वाढत जाते. त्यामुळे नुसते बसून राहणेही परवडत नाही.

२००३ चा तो डाव काय होता?

लास वेगासमध्ये भरणाऱ्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत २००३ साली ८३९ खेळाडू उतरले होते. प्रवेशशुल्क १० हजार डॉलर. त्यांत ख्रिस मनीमेकर हा टेनेसी राज्यातला हिशेबनीस होता. शंभर डॉलरपेक्षाही कमी शुल्काच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून तो इथवर पोहोचला होता. अखेरीस तो आणि अनुभवी व्यावसायिक खेळाडू सॅमी फराह असे दोघेच उरले. पहिल्या क्रमांकाला २५ लाख डॉलर, दुसऱ्याला १३ लाख.

एका डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती, तर फराहकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की उघडली. फराहची नव्वीची जोडी जमली होती. चौथा पत्ता इस्पिकची अठ्ठी. फराहने ३ लाख चिप्स लावल्या, मनीमेकरने त्या ८ लाखांवर नेल्या. त्याच्या हातात त्या क्षणी काहीच जमलेले नव्हते. आणखी एक इस्पिक, दश्शी किंवा पंजी आली तर जमणार होते. पाचवा पत्ता बदामची तिर्री निघाला. त्याचे सगळेच हुकले. तरी त्याने सर्व चिप्स पुढे ढकलल्या. फराह बराच वेळ विचार करत राहिला, फ्लश हुकला असावा असे बोलूनही दाखवले आणि अखेर जिंकणारे पत्ते टाकून दिले. पुढे स्पर्धा मनीमेकरने जिंकली.

या डावाने पोकरचा इतिहास बदलला असे म्हटले जाते. मुख्य स्पर्धेतील प्रवेशिका २००४ मध्ये २,५७६, २००५ मध्ये ५,६१९ आणि २००६ मध्ये ८,७७३ झाल्या. वाढीला ऑनलाइन पोकरचाही हातभार होता. पण सामान्य माणूसही जिंकू शकतो, ही गोष्ट जगभर पोहोचली ती मनीमेकरमुळे.

मग फराहचे वाचन चुकले का?

लोकप्रिय कथा अशी की निर्विकार चेहऱ्याच्या नवख्याने मुरलेल्या खेळाडूला फसवले. मला ही कथा अपुरी वाटते. फराहचा अंदाज बरोबर होता. तो त्याने बोलूनही दाखवला. अडचण त्या अंदाजाला किती किंमत द्यायची ही होती. अंदाज चुकला असता तर स्पर्धाच हातातून जाण्याची वेळ आली असती. दुसरी गोष्ट म्हणजे मनीमेकरने सांगितलेली ‘गोष्ट’ सुसंगत होती. टेबलावर तिसरे इस्पिक आले तेव्हाच त्याने रक्कम वाढवली होती. फ्लश जमलेला खेळाडूही नेमके असेच खेळला असता. त्याचा चेहरा निर्विकार होता हे खरे, पण थाप पचली ती आधीच्या चालींशी जुळल्यामुळे.

आपल्याला हा डाव सोपा वाटतो, कारण टेबलाखालच्या कॅमेऱ्यांमुळे दोघांचेही पत्ते पडद्यावर दिसतात. उत्तर आधीच माहीत असलेल्याला प्रश्न नेहमीच सोपा वाटतो. चित्रफिती पाहून ‘मला माणसे ओळखता येतात’ असा विश्वास तयार होतो, तो याच सोयीमुळे.

शेवटच्या टप्प्यात चिपची किंमत का बदलते?

समजा, चारच खेळाडू उरले आहेत आणि बक्षिसे तीन आहेत : ५० हजार, ३० हजार आणि २० हजार रुपये. चौथ्याला काहीच नाही. चौघांकडे प्रत्येकी २५ हजार चिप्स आहेत. सर्वांची संधी सारखी, म्हणून प्रत्येकाच्या जागेची सरासरी किंमत २५ हजार रुपये.

आता त्यातल्या दोघांनी सर्व चिप्स एकमेकांविरुद्ध लावल्या. हरणारा शून्यावर बाहेर. जिंकणाऱ्याकडे एकूण चिप्सपैकी निम्म्या आल्या. त्याची किंमत दुप्पट, म्हणजे ५० हजार झाली का? नाही. चिप्सच्या प्रमाणात संधी धरली तर पहिला येण्याची शक्यता ५० टक्के, दुसरा येण्याची सुमारे ३३ आणि तिसरा येण्याची सुमारे १७ टक्के. बक्षिसांशी गुणाकार करून बेरीज येते ३८ हजार ३३३ रुपये. म्हणजे गमावण्यासारखे २५ हजार होते आणि कमावण्यासारखे फक्त १३ हजार ३३३.

या गणिताला ‘इंडिपेंडंट चिप मॉडेल’ किंवा ‘आयसीएम’ म्हणतात. त्यावरून निघणारा निष्कर्ष असा : नुसत्या चिप्सचा विचार केला तर निम्म्याहून थोडी अधिक संधी असताना समोरच्याचे आव्हान स्वीकारणे योग्य ठरले असते, पण बक्षिसांचा विचार केला तर किमान ६५ टक्के संधी हवी. जिंकलेली चिप हरलेल्या चिपपेक्षा स्वस्त असते. बक्षिसाच्या उंबरठ्यावरच्या या स्थितीला खेळाडू ‘बबल’ म्हणतात.

ओळख अचूक, तरीही पत्ते टाकायचे?

आता चिप्स असमान करून पाहू. ‘अ’कडे ४० हजार, ‘ब’ आणि ‘क’कडे प्रत्येकी २५ हजार, ‘ड’कडे फक्त १० हजार. बक्षिसे तीच. ‘अ’ने सर्व चिप्स पुढे ढकलल्या आणि निर्णय ‘ब’ला घ्यायचा आहे. गणित सोपे राहावे म्हणून ब्लाइंड बाजूला ठेवू. पत्ते टाकले तर ‘ब’च्या जागेची किंमत सुमारे २६ हजार ७०० रुपये राहते. आव्हान स्वीकारून जिंकला तर ती सुमारे ३७ हजार ३०० होते, हरला तर शून्य. म्हणजे ‘ब’ला जवळपास ७२ टक्के संधी हवी.

आता समजा, ‘ब’ने ‘अ’ला पुरते ओळखले आहे. ‘अ’ कोणतेही दोन पत्ते घेऊन दामटतो आहे, ही त्याची खात्री आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. ‘ब’च्या हातात एक्का आणि राजा आहेत. हा हात कोणत्याही दोन पत्त्यांविरुद्ध ६५ ते ६७ टक्के वेळा जिंकतो. हवेत ७२. म्हणजे थाप ओळखूनही, जबरदस्त पत्ते हातात असूनही या हिशेबाने ते टाकणेच बरोबर. प्रत्यक्षात ब्लाइंडची रक्कम डावात असल्याने आकडा थोडा खाली येतो आणि काठावरचे निर्णय बदलू शकतात, पण दिशा हीच राहते.

याची दुसरी बाजू ‘अ’च्या फायद्याची आहे. तो हरला तरी १५ हजार चिप्स घेऊन खेळात राहतो. ‘ब’ हरला तर संपतो. शिवाय ‘ड’ कधीही बाहेर पडेल अशी आशा ‘ब’ला थांबवून धरते. म्हणून जास्त चिप्सवाला मधल्या खेळाडूंना दाबतो. त्याची ही दादागिरी पाहून ‘याची थाप आज उघडी पाडतोच’ असा ताव चढतो आणि सर्वाधिक नुकसान त्या तावातच होते.

चिप्स संपत आल्या तर?

इथे ‘एम’ नावाचे माप उपयोगी पडते. गणितज्ञ आणि बॅकगॅमन खेळाडू पॉल मॅग्रियल यांच्या नावावरून ते ओळखले जाते. १९९५ चे विजेते आणि २००३ च्या त्याच स्पर्धेत तिसरे आलेले डॅन हॅरिंग्टन यांनी आपल्या पुस्तकांतून ते सर्वदूर नेले. आपल्या चिप्सना एका फेरीत सक्तीने जाणाऱ्या रकमेने भागायचे, इतकेच. फेरीला ५० हजार जात असतील आणि हातात २ लाख असतील तर एम ४. म्हणजे काहीही न खेळता चार फेऱ्यांत संपणार.

एम इतका खाली आला की थोडी रक्कम लावून पाहू, मग ठरवू, ही चैन संपते. उरतात दोनच पर्याय : सर्व चिप्स लावणे किंवा पत्ते टाकणे. त्यातही स्वतः आधी सर्व लावणे हे दुसऱ्याने लावल्यावर स्वीकारण्यापेक्षा बरे. आधी लावणाऱ्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात : समोरचा पत्ते टाकेल किंवा पत्ते उघडल्यावर आपले वरचढ ठरतील. स्वीकारणाऱ्याकडे फक्त दुसरा मार्ग उरतो.

लावलेल्या रकमेचा आकार काय सांगतो?

डावात १ लाख चिप्स आहेत आणि कोणी ५० हजार लावल्या, तर उत्तर देणाऱ्याला ५० हजार घालून दीड लाख मिळवायचे असतात. चारपैकी एकदा जिंकला तरी त्याचे भागते. लावणारा थाप मारत असेल तर त्याची थाप तीनपैकी एकदा पचली तरी पुरे. तेच १ लाख लावले तर उत्तर देणाऱ्याला तीनपैकी एकदा जिंकावे लागते आणि थाप निम्म्या वेळा पचावी लागते.

म्हणून योग्य प्रश्न ‘हा खोटे बोलतोय का?’ हा नसतो. ‘हा अशा वेळी किती वेळा खोटे बोलतो, आणि मला किती वेळा बरोबर ठरावे लागेल?’ हा असतो. पहिल्याचे उत्तर हो किंवा नाही असते. दुसऱ्याचे उत्तर टक्क्यांत येते आणि ते सुधारता येते.

चेहरा काहीच सांगत नाही का?

सांगतो, पण समजतो त्यापेक्षा कमी. माइक कारो यांनी १९८४ मध्ये खेळाडूंच्या हावभावांवर पुस्तक लिहिले. दुबळे पत्ते असलेला ताठ्याचा आव आणतो आणि भक्कम पत्ते असलेला पडते घेण्याचे नाटक करतो, हे त्यातले गाजलेले सूत्र. अडचण अशी की ते सूत्र आता सर्वांनाच माहीत आहे.

२०१३ मध्ये मायकेल स्लेपियन, नलिनी अंबाडी आणि सहकाऱ्यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्यावसायिक खेळाडूंच्या चित्रफिती पाहून लोकांनी पत्त्यांच्या ताकदीचा अंदाज करायचा होता. फक्त चेहरा पाहणाऱ्यांना तो साधला नाही. चिप्स पुढे सरकवणारे हात पाहणाऱ्यांचा अंदाज मात्र नुसत्या योगायोगापेक्षा बरा निघाला. लोक चेहरा सांभाळतात, हात सांभाळायला विसरतात, असे म्हणता येईल.

त्याहून बोलका पुरावा यंत्राचा आहे. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या प्रणालीने चार नामवंत व्यावसायिकांविरुद्ध एकास एक पद्धतीने १ लाख २० हजार डाव खेळून त्यांना हरवले. ती स्पर्धा बक्षिसांच्या उतरंडीची नव्हती, हे खरे. पण लिब्राटसला डोळे नव्हते. समोरच्याचा घाम, श्वास, नजर यांतले काहीही न पाहता केवळ चालींच्या आधारे ते जिंकले.

मग प्रतिस्पर्ध्याला वाचायचे कसे?

जाणते खेळाडू एका क्षणाकडे पाहत नाहीत, तासन्‌तास नोंद ठेवतात. कोण कुठल्या जागेवरून किती डावांत उतरतो? रक्कम वाढवल्यावर कोण लगेच पत्ते टाकतो? पत्ते उघडले तेव्हा कोणाच्या चाली आणि पत्ते जुळले होते? हे सारे आपण डावात नसतानाही दिसत असते. फक्त त्या वेळी मोबाइल खाली ठेवावा लागतो.

दुसरी नोंद परिस्थितीची. कोणाला एक क्रमांक वर गेल्याने मोठा फरक पडणार आहे? कोणाच्या चिप्स संपत आल्या आहेत? पात्रता स्पर्धेतून आलेला आणि आयुष्यातले सर्वांत मोठे बक्षीस समोर दिसणारा माणूस बहुधा जपून खेळतो. हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते, त्याच्या स्थितीत लिहिलेले असते. तिसरी नोंद स्वतःची : गेल्या तासाभरात समोरच्याने माझे काय पाहिले आहे? दोन तास पत्ते टाकत बसलेल्याची थाप पचते. दर डावात उड्या मारणाऱ्याची नाही.

कौशल्य आहे, म्हणजे कमाई आहे?

हा प्रश्न आपल्याकडे पत्त्यांच्या टेबलापुरता राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या सत्यनारायण प्रकरणात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानला आणि तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा. पोकरचे स्थान वादग्रस्त राहिले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारात बसवले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ऑनलाइन रमी आणि पोकरवर बंदी आणणारा तमिळनाडूचा कायदा रद्द केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, प्रतिबंधित केले. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोंचे जग वेगळ्या कायद्याखाली चालते.

माझे मत असे की ‘कौशल्य की नशीब’ या वादाने सामान्य माणसाची दिशाभूल केली. वरची गणिते पाहिली तर पोकरमध्ये कौशल्य आहे, हे नाकारता येत नाही. पण बुद्धिबळातही कौशल्य आहे आणि म्हणून कोणी घरचे पैसे लावून आपल्याहून कितीतरी सरस बुद्धिबळपटूशी खेळायला बसत नाही. खेळात कौशल्य असणे याचा अर्थ ते आपल्याकडे आहे असा होत नाही. उलट, कौशल्याचा खेळ नवख्याला अधिक महाग पडतो, कारण समोर नशीब नसून तयारीचा माणूस बसलेला असतो. शिवाय तयारीच्या माणसालाही ६७ टक्क्यांच्या डावात तीनपैकी एकदा हार पत्करावी लागतेच. त्याचे कौशल्य शेकडो स्पर्धांत दिसते, एका रात्रीत नाही. तेवढ्या स्पर्धा खेळण्याइतके भांडवल किती जणांकडे असते?

मनीमेकरच्या स्पर्धेत ८३९ पैकी फक्त ६३ जणांना बक्षीस मिळाले. उरलेल्या ७७६ जणांच्या हाती काही पडले नाही आणि त्यांच्यावर चित्रफिती निघत नाहीत. त्यांच्यातही माणसे ओळखणारे होतेच.

या खेळातून पैसे न लावता घेण्यासारखे मात्र बरेच आहे. वाटाघाटीत, धंद्यात, नोकरी बदलताना आपण समोरच्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधत बसतो आणि तो बरोबर ठरला की काम झाले असे समजतो. पण अंदाज बरोबर असणे ही निम्मीच गोष्ट झाली. चुकलो तर काय जाईल, बरोबर ठरलो तर काय मिळेल आणि त्यासाठी किती खात्री हवी, हे तीन आकडे कागदावर मांडले की पुष्कळदा हातातला एक्का-राजा शांतपणे टाकून देणेच शहाणपणाचे दिसते.